कुलूपबंद शीटवर अडलेला मॅक्रो

मार्चअखेरीचे दिवस होते. तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेतून लेखापाल बाईंचा रात्री साडेआठला फोन आला. "सर, ती एररची खिडकी परत आली बघा. मी एंड दाबलं आणि पुढचं काम चालू ठेवलं. चालेल ना?" मी विचारलं, "बाई, व्याजाच्या रकान्यात आता हाताने काही टाइप होतंय का?" पलीकडे थोडा वेळ शांतता. मग उत्तर आलं, "हो, होतंय की."

तिथेच माझ्या पोटात गोळा आला. व्याजाच्या रकान्यात सूत्रं होती आणि ती शीट प्रोटेक्ट केलेली होती. तिथे कुणालाच काही टाइप करता यायला नको होतं. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं, तर अकरा सूत्रांच्या जागी हाताने घातलेले आकडे बसले होते. मॅक्रो अडण्याचं कारण किरकोळ होतं. एका खातेदाराच्या तारखेच्या सेलमध्ये तारखेऐवजी "नंतर बघणे" असं लिहिलेलं होतं. पण अडण्याआधी मॅक्रोने शीटचं कुलूप काढलं होतं आणि ते परत लावायच्या ओळीपर्यंत तो पोचलाच नव्हता. तो मॅक्रो मीच लिहून दिलेला होता.

संरक्षित शीटवर मॅक्रो चालवणाऱ्याला दोन तऱ्हेच्या चुका भेटतात. एकीत कुलपामुळे मॅक्रो अडतो. दुसरीत मॅक्रो अडल्यामुळे कुलूप उघडं राहतं. पहिली ठणकन समोर येते, म्हणून सगळा उपाय तिच्यावर होतो. दुसरी आवाज करत नाही, आणि ताळेबंद बिघडवते ती हीच. या लेखात मुख्यतः एक्सेलचा आढावा घेताना माझं लक्ष दुसरीवर जास्त आहे.

आधी कुलूप म्हणजे काय ते पाहू. नव्या शीटमधला प्रत्येक सेल मुळातच 'लॉक्ड' असतो, पण शीट प्रोटेक्ट करेपर्यंत त्या लॉकला काही अर्थ नसतो. म्हणून आपण आधी भरण्याजोगे सेल अनलॉक करतो आणि मग शीट प्रोटेक्ट करतो. मॅक्रो हा एक्सेलच्या नजरेत वापरणाऱ्याचाच हात असतो. जे माणसाला बंद, ते त्यालाही बंद. लॉक असलेल्या सेलमध्ये लिहायला गेला की रन-टाइम एरर १००४ येतो. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. फसगत पुढे होते. सेल अनलॉक असेल तर मॅक्रो त्यात आकडा लिहू शकतो, पण त्याच सेलला रंग द्यायला गेला की परत १००४. कारण फॉरमॅट करण्याची परवानगी वेगळी असते आणि ती प्रोटेक्ट करताना मुद्दाम द्यावी लागते. सॉर्टिंगचंही तसंच. 'सॉर्ट करू द्या' या चौकोनात टिक केली तरी ज्या पट्ट्यात सॉर्ट करायचं त्यातले सगळे सेल अनलॉक असावे लागतात. एक जरी लॉक असला तरी सॉर्ट होत नाही. फिल्टरची परवानगी म्हणजे आधीपासून लावलेला फिल्टर वापरण्याची परवानगी. नवा लावण्याची नाही.

१००४ हा आकडा निदानाला फारसा उपयोगी नाही. लॉक सेलवर लिहिलं तरी १००४, पासवर्ड चुकला तरी १००४, उघडायची फाइल जागेवर नसली तरी १००४. फिल्टर काढून सगळ्या नोंदी दाखवणारी 'शोऑलडेटा' ही आज्ञा घ्या. शीट प्रोटेक्ट असेल तर ती १००४ देते, आणि शीट उघडी असून फिल्टर लागलेलाच नसेल तरीही १००४ देते. आज्ञा एक, आकडा एक, कारणं दोन. त्यामुळे 'एरर १००४ आला की अनप्रोटेक्ट कर आणि परत चालव' असा कोड लिहिणं म्हणजे ताप दिसला की एकच गोळी देणं. चूक होऊ देऊन मग आकडा वाचण्यापेक्षा, लिहिण्याआधी शीटलाच विचारलेलं बरं. 'प्रोटेक्टकंटेंट्स' हा गुणधर्म शीट प्रोटेक्ट आहे की नाही ते सरळ सांगतो. नवी शीट जोडायची असेल तर वर्कबुकचा 'प्रोटेक्टस्ट्रक्चर' पाहायचा, कारण वर्कबुकच्या रचनेचं कुलूप शीटच्या कुलपाहून वेगळं असतं आणि एक काढून दुसरं निघत नाही.

आता उपायांकडे येऊ. सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत जास्त वापरला जाणारा उपाय म्हणजे सुरुवातीला अनप्रोटेक्ट, मधे काम, शेवटी प्रोटेक्ट. व्हीबीए ही मॅक्रो लिहिण्याची भाषा एक्सेलमध्ये आली १९९३ साली, पाचव्या आवृत्तीबरोबर, आणि तेव्हापासून मॅक्रो लिहिणारे हेच करत आले आहेत. तीन ओळींचा हा उपाय साधा वाटतो, पण त्यात निदान चार खड्डे आहेत.

पहिला खड्डा पासवर्डचा. अनप्रोटेक्ट करताना पासवर्ड लिहितात आणि शेवटच्या प्रोटेक्टमध्ये लिहायचा राहतो. मॅक्रो कुठेही अडत नाही, शीटही प्रोटेक्ट होते, फक्त आता तिला पासवर्डच नसतो. रिबनवरचं अनप्रोटेक्ट दाबलं की कुणीही आत. मी पाहिलेल्या फाइलींमध्ये ही चूक सर्वांत जास्त वेळा भेटली आहे, आणि कित्येक महिने कुणाच्या लक्षात न आलेली.

दुसरा खड्डा परवानग्यांचा. फॉरमॅट, सॉर्ट, फिल्टर यांच्या परवानग्या एक्सेल २००२ पासून मिळाल्या. प्रोटेक्ट करताना ज्या परवानगीचं नाव घेतलं नाही ती 'नाही' धरली जाते. म्हणजे हाताने नीट टिक करून दिलेल्या परवानग्या मॅक्रोच्या एका साध्या प्रोटेक्टने पुसल्या जातात, आणि दुसऱ्या दिवशी कारकून विचारतो, "काल फिल्टर चालत होता, आज का नाही?" कुलूप काढण्याआधी शीटच्या 'प्रोटेक्शन' या ऑब्जेक्टमधून जुन्या परवानग्या वाचून ठेवाव्यात आणि लावताना जशाच्या तशा द्याव्यात. वेळ लागतो, पण शीट जशी मिळाली तशीच परत केली पाहिजे.

तिसरा खड्डा लहान, पण हैराण करणारा. आधी कॉपी, मग अनप्रोटेक्ट, मग पेस्ट, असा क्रम लावला की पेस्ट फसतो, कारण शीटचं कुलूप काढताच कॉपीभोवतीची ती पळती तुटक रेघ नाहीशी होते. आधी कुलूप काढा, मग कॉपी करा. आणि पेस्ट करताना फक्त किमती पेस्ट करा. नाहीतर मूळ सेलचा लॉकही बरोबर येतो आणि भरायला मोकळा ठेवलेला सेल बंद होऊन बसतो.

चौथा खड्डा म्हणजे त्या लेखापाल बाईंची एररची खिडकी. कुलूप काढणं आणि लावणं यांच्या मधल्या कुठल्याही ओळीवर मॅक्रो मेला, की शीट उघडी. इथे खरी हाताळणी लागते, म्हणून जरा थांबून पाहू.

व्हीबीएत 'फायनली' नाही. नंतर आलेल्या व्हीबी डॉट नेटमध्ये 'ट्राय' आणि 'फायनली' आहेत. काहीही झालं तरी शेवटी अमुक कर, असं तिथे भाषेलाच सांगता येतं. व्हीबीएत ते हाताने बांधावं लागतं. प्रोसीजरच्या तळाशी आवराआवरीची एक जागा ठेवायची, तिला एक लेबल द्यायचं, आणि काम सुरळीत झालं तरी वा बिघडलं तरी दोन्ही वाटा त्याच जागेवर आणायच्या. कुलूप लावण्याची ओळ फक्त तिथेच असावी. त्याखाली चूक पकडणारा भाग. त्यात सर्वांत आधी चुकीचा क्रमांक आणि मजकूर आपल्या चलांत उतरवून घ्यायचा, कारण नंतरचं कुठलंही 'ऑन एरर' किंवा 'रिझ्यूम' ते दोन्ही पुसतं. एरर क्रमांक शून्य असं सांगणारी गूढ खिडकी पाहिली असेल तर तिचं मूळ इथेच असतं. मग 'रिझ्यूम' वापरून आवराआवरीच्या लेबलावर जायचं. 'गोटू' वापरून नाही. या दोहोंतला फरक पुस्तकांत एका वाक्यात उरकतात, पण प्रत्यक्षात तो मोठा आहे. चूक पकडणाऱ्या भागातून 'रिझ्यूम'ने बाहेर पडेपर्यंत व्हीबीएच्या हिशेबी पहिली चूक मिटलेलीच नसते. 'गोटू'ने गेलात आणि कुलूप लावतानाच दुसरी चूक झाली, तर ती कुणी पकडत नाही, आणि वापरणाऱ्यासमोर डीबगची खिडकी उभी राहते.

त्या खिडकीत एंड दाबलं की मॅक्रो तिथल्या तिथे संपतो, आवराआवरी होत नाही. एस्केप दाबून मधेच थांबवलं तरी तेच. 'एनेबलकॅन्सलकी' या गुणधर्माला चूक पकडणाऱ्या भागाकडे पाठवायची किंमत दिली, की एस्केपसुद्धा क्रमांक १८ ची चूक म्हणून आपल्या हाती येतं. आवराआवरीत कुलपाबरोबर आणखी एक गोष्ट जपावी लागते, 'एनेबलइव्हेंट्स'. मॅक्रोने ते बंद केलं आणि अधेमधे मेला तर ते एक्सेल बंद करेपर्यंत बंदच राहतं. सेल बदलल्यावर आपोआप चालणारे सगळे मॅक्रो मुके होतात. पडदा गोठवणारं 'स्क्रीनअपडेटिंग' मॅक्रो संपला की आपसूक परत चालू होतं, त्याची तितकी काळजी नाही.

इथे 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट'विषयी बोललं पाहिजे. चूक झाली तरी दुर्लक्ष करून पुढची ओळ चालव, असा त्याचा अर्थ. संरक्षित शीटवर अडणाऱ्या मॅक्रोला गप्प करायला ही ओळ सुरुवातीला टाकून देण्याची सवय फार पसरली आहे, आणि माझा तिला स्पष्ट विरोध आहे. कुलपामुळे शंभर सेलांपैकी चाळीस लिहिले गेले नाहीत तरी शेवटी 'काम पूर्ण झाले' अशी खिडकी येते. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत कोविडचे १५,८४१ रुग्ण २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातल्या रोजच्या आकड्यांतून वगळले गेले. तिथलं कारण वेगळं होतं. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या एक्सेल नमुन्याच्या फाइलीत उतरवली जात होती, आणि त्यात एका शीटवर ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नव्हती. पण बिघाडाचं रूप तेच. काही थांबलं नाही, कुणी ओरडलं नाही, आणि त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायला उशीर झाला. अडणारा मॅक्रो निदान सांगतो तरी. गप्प केलेला मॅक्रो खोटं बोलतो. या ओळीला एकच जागा योग्य आहे. एखादी ठराविक चूक होऊ शकते हे माहीत असलेल्या एकाच ओळीआधी ती लावावी आणि लगेच पुढच्या ओळीत काढून टाकावी.

दुसरा उपाय अधिक चांगला आहे. प्रोटेक्ट करताना 'युजरइंटरफेसओन्ली' खरं ठेवायचं. म्हणजे कुलूप फक्त माणसासाठी, मॅक्रोसाठी नाही. मॅक्रोला कुलूप काढावंच लागत नाही, म्हणून ते उघडं राहण्याचा प्रश्न उरत नाही. आपल्याकडे याचं महत्त्व जास्त आहे. लोडशेडिंगमध्ये मशीन मधेच बंद पडलं तर पहिल्या उपायात, फाइल कुलूप काढलेल्या अवस्थेत सेव्ह झाली असेल तर ती तशीच राहते. दुसऱ्यात डिस्कवरची फाइल कायम बंदच असते.

पण या उपायाची एक खोड आहे. ही सवलत फाइलीबरोबर सेव्ह होत नाही. ज्या दिवशी मॅक्रो लिहिला त्या दिवशी तो झकास चालतो, संध्याकाळी फाइल बंद होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांसमोर १००४. म्हणून वर्कबुक उघडताना चालणाऱ्या 'वर्कबुक ओपन' या प्रोसीजरमध्ये प्रत्येक शीटला ही सवलत नव्याने द्यावी लागते, आणि देताना वर सांगितलेल्या परवानग्याही पुन्हा लिहाव्या लागतात. दोन्ही उपायांची सरमिसळही टाळा. मधल्या एखाद्या मॅक्रोने जुन्या पद्धतीने कुलूप काढून लावलं आणि त्यात ही सवलत लिहिली नाही, की त्यानंतरचे सगळे मॅक्रो अडतात, आणि दोष भलत्याच मॅक्रोवर येतो. शंका आली तर शीटचा 'प्रोटेक्शनमोड' वाचा. सवलत चालू आहे की नाही ते तो सांगतो.

शिवाय 'वर्कबुक ओपन' चालण्यासाठी मॅक्रो चालू हवेत. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो आपोआप अडवण्याचं धोरण मायक्रोसॉफ्टने २०२२ साली जाहीर केलं, जुलैत काही काळ मागे घेतलं आणि मग परत लागू केलं. ईमेलने आलेली फाइल डाउनलोड करून उघडली की सवलत देणारी प्रोसीजर चालतच नाही. कित्येक जण यासाठी बाकी सगळ्या शीट्स पूर्ण लपवून फक्त 'मॅक्रो चालू करा' अशी एक शीट समोर ठेवतात, आणि मॅक्रो चालू झाला की बाकीच्या दाखवतात. जुनी युक्ती आहे, पण कामाला येते.

ही सवलतसुद्धा सगळीकडे पोचत नाही. एक्सेल टेबलमध्ये नवी ओळ जोडणं आणि पिव्हट टेबल रीफ्रेश करणं या दोन गोष्टी ती असूनही अडतात. तिथे काही वेळापुरतं कुलूप काढण्यावाचून इलाज नाही, म्हणजे परत पहिल्या उपायाची सगळी शिस्त आली. पिव्हटचं एक दुखणं आणखी खोल आहे. दोन पिव्हट एकाच साठ्यावर उभे असतील आणि त्यांपैकी एक दुसऱ्या, प्रोटेक्ट केलेल्या शीटवर असेल, तर उघड्या शीटवरचा पिव्हटही रीफ्रेश होत नाही. समोरची शीट मोकळी दिसते, तरी मॅक्रो अडतो. आणि जुन्या पद्धतीने 'शेअर' केलेल्या वर्कबुकमध्ये तर शीट प्रोटेक्ट वा अनप्रोटेक्ट करताच येत नाही. तिथे कुठल्याच उपायाची मात्रा चालत नाही.

मराठीत शीट्स ठेवणाऱ्यांना एक वेगळीच अडचण येते, आणि तिच्यावर फार कुणी लिहीत नाही. व्हीबीएचा संपादक युनिकोड जाणत नाही. देवनागरीसाठी विंडोजचं जुनं कोडपेजही नाही. म्हणून कोडमध्ये 'पगार' लिहायला गेलं की चार-पाच प्रश्नचिन्हं उमटतात, आणि त्या नावाची शीट न सापडल्याने क्रमांक ९ ची चूक येते. बरेच जण ती कुलपाची चूक समजून पासवर्ड तपासत बसतात. उपाय सोपा आहे. टॅबवरच्या नावाऐवजी संपादकात दिसणारं शीटचं कोडनाम वापरायचं. टॅबचं नाव कुणी बदललं तरी कोडनाम बदलत नाही, हा वरचा फायदा. मराठी सूचनेची गत याहून वाईट. नेहमीची मेसेजची खिडकी देवनागरी मजकूर दाखवतच नाही. मग मराठी वाक्यं एका लपवलेल्या शीटवरच्या सेलांत लिहून ठेवायची आणि युजरफॉर्मवरच्या लेबलात आणायची. तिथे देवनागरी नीट दिसते. किंवा शीटवरच वरच्या बाजूला एक सूचनेचा सेल ठेवायचा आणि तो अनलॉक करायला विसरायचं नाही. नाहीतर चूक सांगणारी ओळच चूक करते. एवढे कष्ट का, असं विचारणारे भेटतात. फाइल वापरणाऱ्या माणसाला इंग्रजी खिडकीतलं एंड हे बटण म्हणजे 'ठीक आहे' वाटतं, म्हणून. बाईंना तसंच वाटलं होतं.

पासवर्डचं काय, हा प्रश्न नेहमी येतो. शीटचा पासवर्ड ही सुरक्षा नाही, असं मायक्रोसॉफ्टही सांगते. २०१० पर्यंतच्या आवृत्त्यांत त्याचा फक्त १६ बिटांचा सारांश साठवला जाई, आणि एक लाख चौऱ्याण्णव हजार पाचशे साठ जुळण्या करून पाहणारा एक छोटा मॅक्रो कुठल्याही शीटवर चालणारा पासवर्ड काही मिनिटांत शोधून देई. २०१३ पासून तिथे एसएचए-५१२ आला, एक लाख फेऱ्यांसह, त्यामुळे ती युक्ती बंद झाली. पण फाइल मुळात झिप असते. ती उघडून कुलपाची नोंद खोडली की पासवर्डची गरजच संपते. पगाराचे वा खातेदारांचे आकडे कुणी पाहू नयेत असं वाटत असेल तर पूर्ण फाइलच पासवर्डने एन्क्रिप्ट करावी, २००७ पासून त्याला एईएस आहे. शीटचं कुलूप हे चुकून बोट पडू नये यासाठीचं आहे. असं असूनही ते बिनमहत्त्वाचं नाही. मार्चअखेरीला बँकेत, शाळेत, ग्रामपंचायतीत आकडे बिघडतात ते बहुतेक चुकून पडलेल्या बोटानेच, चोराने नाही.

गूगल शीट्समध्ये मामला वेगळ्या पायावर उभा आहे. तिथे पासवर्ड नाही. कोणाच्या खात्याला कुठला पट्टा बदलता येईल एवढंच ठरवतात. त्यामुळे चुकाही वेगळ्या. 'ऑनएडिट' हा साधा ट्रिगर बदल करणाऱ्याच्याच हक्काने चालतो, आणि त्याला संरक्षित पट्टा बंद असेल तर स्क्रिप्टलाही बंद. तोच ट्रिगर मालकाने 'इन्स्टॉल' करून लावला तर तो मालकाच्या हक्काने चालतो आणि लिहू शकतो. लिहिण्यासाठी कुलूप काढावं-लावावं लागत नाही, म्हणून ते उघडं राहण्याचा धोकाही नाही. मला हा विचार अधिक निकोप वाटतो. एक्सेलच्या ऑफिस स्क्रिप्ट्सना मात्र शीटचं संरक्षण काढावं-लावावंच लागतं, आणि तिथे 'ट्राय' आणि 'फायनली' असल्याने ते नीट करता येतं.

एक्सेलमधला तिसरा उपाय मला सर्वांत जास्त पटतो, आणि त्यात कोड सर्वांत कमी लागतो. मॅक्रोने संरक्षित शीटवर लिहायचंच नाही. लिहायचं ते एका वेगळ्या, लपवलेल्या, साध्या नोंदींच्या शीटवर. संरक्षित शीटवर फक्त सूत्रं, जी त्या नोंदी वाचतात आणि दाखवतात. जुन्या रोजकीर्दीत आणि खतावणीत हीच वाटणी होती. रोजच्या नोंदी एका वहीत, त्यांचा हिशेब दुसऱ्या वहीत, आणि खतावणीत कुणी सरळ नोंद करत नसे. अशी रचना केली की कुलपाशी भांडण उरतं ते फक्त पिव्हट आणि टेबलांपुरतं, आणि तेवढ्यासाठी एक आवराआवरीची प्रोसीजर पुरते.

पतसंस्थेची फाइल मी तशीच परत बांधली. तारखेच्या सेलाला डेटा व्हॅलिडेशन लावलं, म्हणजे "नंतर बघणे" तिथे टाइपच होणार नाही. व्याजाच्या शीटवर मॅक्रो आता जात नाही. अडलाच तर वरच्या पिवळ्या सेलात मराठीत वाक्य येतं: कुठल्या खात्यावर अडला, आणि शीट बंद आहे. या वर्षी मार्चमध्ये बाईंचा फोन एकदाच आला. "सर, खातं क्रमांक ३१४ वर अडलाय म्हणतोय, आणि शीट बंद आहे म्हणतोय." मी म्हटलं, "मग त्या खात्याची तारीख बघा." त्या म्हणाल्या, "बघितली. पेस्ट करून घातली होती कुणीतरी. दुरुस्त केली. तुम्हाला फक्त सांगायला फोन केला."